बांधकामाचं ज्ञान फुकट मिळतं, पण ते वापरायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लॅबला भेग का पडली इथपासून बीआयएमची (इमारतीच्या संगणकावरच्या मॉडेलची) फाइल का उघडत नाही इथपर्यंत, बांधकामातल्या जवळपास प्रत्येक अडचणीवर इंटरनेटवर काही ना काही फुकट सापडतं. सापडलेलं खरं किती, आपल्या कामाचं किती आणि त्यात आपण भर घालू शकतो का, याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात त्याची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घोटाळे जास्त होतात.

इतर धंद्यांपेक्षा बांधकामातच या मोफत मंचांची एवढी गरज का?

कारखान्यात तीच माणसं रोज तीच वस्तू बनवतात. आज चुकलं तर उद्या सुधारतात. इमारतीचं तसं नसतं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशी सगळी मंडळी एका कामापुरती जमतात आणि काम संपलं की फड मोडतो. बेसमेंटची गळती दोन-तीन वर्षांनी दिसू लागते, तोवर वॉटरप्रूफिंग करणारा तिसऱ्याच साइटवर गेलेला असतो. आपलं काय चुकलं हे त्याला कधी कळतच नाही. ज्याला कळतं तो गळती दुरुस्त करणारा, आणि तो आधीच्याला ओळखतही नाही. शिकलेलं आणि चुकलेलं यांची गाठ पडत नाही, हे या धंद्याचं जुनं दुखणं आहे. मोफत मंच ती गाठ घालून देऊ शकतात.

नेमके कोणते मंच? एक-दोन नावं सांगा.

सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. प्रकार समजून घेतले की बाकीचे आपोआप ओळखू येतात.

पहिला प्रकार विश्वकोशासारखा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून चालू असलेलं 'डिझाइनिंग बिल्डिंग्ज' हे त्याचं चांगलं उदाहरण. निविदा म्हणजे काय, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) कशासाठी कापतात, अंडरपिनिंग (जुन्या पायाला खालून आधार देणं) कसं करतात, असे हजारो लेख तिथे आहेत आणि या क्षेत्रातल्या कुणालाही त्यात लिहिता येतं. दुसरा प्रकार सरकारी पाठबळाचा. अमेरिकेतलं 'होल बिल्डिंग डिझाइन गाइड' नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग सायन्सेस चालवते. तिथल्या लष्करी बांधकामांचे निकष, म्हणजे युनिफाइड फॅसिलिटीज क्रायटेरिया, सुद्धा तिथे फुकट वाचायला मिळतात. नाव लष्करी असलं तरी पायापासून छतापर्यंतचं बरंच ज्ञान त्यात आहे.

तिसरा प्रकार एका विषयाला वाहिलेला. 'वर्ल्ड हाउसिंग एन्सायक्लोपीडिया'त जगभरातल्या घरांचे प्रकार आणि भूकंपात ती कशी वागतात याचे अहवाल आहेत. ते अभियंत्यांनी स्वयंसेवक म्हणून लिहिले आहेत. आयआयटी कानपूरच्या २४ 'भूकंप टिप्स' याच जातीतल्या. चित्रांसकट, प्रत्येक टीप दोन-चार पानांची. इतक्या कमी जागेत इतकं नेमकं लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे. चौथा प्रकार अभ्यासक्रमांचा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर स्थापत्य अभियांत्रिकीचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. पाचवा प्रकार चुका गोळा करणारा. माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर.

फुकट आहे तर खर्च कोण करतं?

कुणीतरी करतंच. कुठे सरकार, कुठे व्यावसायिक संस्था, कुठे जाहिराती, कुठे देणग्या. यात वाईट काही नाही, फक्त वाचताना ते ठाऊक असावं. विशेषतः साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं. टाइल अ‍ॅडेसिव्ह कसं लावावं हे अ‍ॅडेसिव्ह बनवणाऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे ती पत्रकं जरूर वाचा. पण अ‍ॅडेसिव्ह लावायची गरज आहे का, हा प्रश्न त्यांना विचारू नका.

परदेशी मंचावरची माहिती आपल्या साइटवर जशीच्या तशी वापरता येते का?

नाही, आणि नेमका कुठे पाय घसरतो ते सांगतो.

काँक्रीटच्या ताकदीचा आकडा घ्या. काही देशांत ती १५० मिलिमीटरच्या क्यूबवर मोजतात, काही देशांत १५० बाय ३०० मिलिमीटरच्या सिलिंडरवर. एकाच घाण्यातल्या काँक्रीटचा सिलिंडर क्यूबपेक्षा कमी ताकद दाखवतो, साधारण चार-पंचमांश. युरोपात म्हणूनच ग्रेड लिहिताना दोन्ही आकडे देतात: सी ३०/३७ म्हणजे सिलिंडरवर ३०, क्यूबवर ३७. अमेरिकी लेखात (तिथे सिलिंडरवर मोजतात) ३० मेगापास्कल वाचलं आणि तुमच्याकडे एम ३० म्हणजे क्यूबवर ३० असेल, तर दोन्ही तीस सारखे नाहीत. तुमचं काँक्रीट त्या लेखातल्यापेक्षा कमी ताकदीचं आहे. आकडा तोच, एकक तेच, म्हणून शंकाही येत नाही. त्यापेक्षा ४००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) लिहिलेलं बरं. निदान माणूस थांबून हिशेब करतो आणि २७.६ मेगापास्कल काढतो.

दुसरं, सळ्यांचे नंबर. अमेरिकी आठ नंबरची सळई म्हणजे आठ मिलिमीटर नव्हे, एक इंच, सुमारे २५ मिलिमीटर. तिथला नंबर इंचाच्या आठव्या भागात मोजतात. हसू येईल, पण ड्रॉइंग परदेशी आणि खरेदी करणारा नवखा असला की असं होऊ शकतं.

तिसरं आणि जास्त फसवं, हवामान. थंड प्रदेशातले लेख सांगतात की वाफ अडवणारा थर भिंतीच्या आतल्या बाजूला लावा. तिथे ते बरोबर आहे. घरातली उबदार दमट हवा भिंतीत शिरून थंड भागाशी पाणी होऊ नये म्हणून तो थर असतो. उष्ण, दमट हवेत एसी लावलेल्या खोलीत मात्र ओल उलट दिशेने, बाहेरून आत येते. आतल्या बाजूला तोच थर लावला तर बाहेरून आलेली ओल भिंतीतच अडकते आणि बुरशी धरते. सल्ला खोटा नव्हता, दिशा उलटी झाली. "खिडक्या दक्षिणेला ठेवा म्हणजे हिवाळ्यात ऊन येईल" हाही उत्तर गोलार्धातला सल्ला आहे. ऑस्ट्रेलियात तो तोंडावर पडतो.

म्हणून कुठलाही लेख वाचताना आधी तीन गोष्टी शोधा: कुठल्या देशात लिहिलाय, कुठल्या कोडच्या (बांधकामाच्या मानकाच्या) कुठल्या आवृत्तीवर बेतलाय, आणि कधी लिहिलाय. तारीखच नसेल तर तो लेख प्रश्न समजून घ्यायला वापरा, उत्तर घ्यायला नको.

लिहिणारा जाणकार आहे की नुसताच आत्मविश्वासाने बोलणारा, हे कसं ओळखायचं?

जाणकार माणूस अटी घालतो. "हे चिकणमातीत चालेल, मुरमात बघावं लागेल" असं म्हणतो. सगळीकडे, सगळ्यांना, नेहमी चालणारा उपाय सांगणारा बहुधा एकाच साइटवर काम केलेला असतो. आणखी एक खूण म्हणजे तो कारण सांगतो. "रिंगांची (कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्यांची) टोकं १३५ अंशात आत वळवा" एवढं कुणीही लिहील. जाणकार पुढे लिहितो की भूकंपात कव्हरचं, म्हणजे सळ्यांबाहेरचं, काँक्रीट सुटून पडतं आणि ९० अंशात वळवलेली टोकं उघडी होऊन रिंग सुटते. १३५ अंशातली टोकं आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेली राहतात. कारण कळलं की कुठे सूट चालेल आणि कुठे नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

मानकं म्हणजे कोड पैसे देऊन का घ्यावे लागतात? ते तर कायद्यासारखेच असतात ना?

हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. मानक संस्थांचं म्हणणं असं की समित्या, छपाई, सुधारणा यांचा खर्च विक्रीतून निघतो. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था आपली मानकं विकतेच. उलट बाजूचं म्हणणं असं की जो नियम मोडला तर दंड होतो तो वाचायला पैसे पडू नयेत. अमेरिकेत 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेने कायद्यात समाविष्ट झालेली मानकं फुकट मांडली तेव्हा मानक संस्था कोर्टात गेल्या. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अशी विनानफा मांडणी न्याय्य वापर, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवायही चालणारा वापर, ठरवली. मार्च २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयानेही कायद्याचा भाग बनलेल्या काही मानकांच्या बाबतीत लोकांना ती पाहू देण्याच्या बाजूने निकाल दिला. तो खटला खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांवरून होता, पण तत्त्व बांधकामालाही लागू पडण्यासारखं आहे.

तोवर व्यवहाराची गोष्ट एवढीच: मोफत लेखात कोडमधलं कलम उद्धृत केलेलं असेल तर ते कलम मूळ कोडमध्ये उघडून बघा. ग्रंथालयात, महाविद्यालयात, मानक संस्थेच्या संकेतस्थळावर, कुठेही. उद्धृत करताना एक "किमान" गळला की सगळा अर्थ फिरतो.

चुका उघड करणारे मंच म्हणजे काय? आपली चूक कोण कशाला सांगेल?

विमानवाहतुकीने हे आधी शिकून घेतलं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, नियंत्रक वगैरे मंडळी नाव गुप्त ठेवून घटना कळवू शकतात, अगदी थोडक्यात टळलेल्या सुद्धा. त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये २००५ साली इमारतींच्या सुरक्षेसाठी 'क्रॉस' सुरू झालं. साइटवर, डिझाइनमध्ये किंवा जुन्या इमारतीत काही धोक्याचं दिसलं की तुम्ही कळवता. ते नाव, गाव, प्रकल्प सगळं पुसून टाकतात, त्यावर तज्ज्ञांचं भाष्य जोडतात आणि सगळ्यांसाठी मोफत छापतात. सांगणाऱ्याची नोकरी जात नाही आणि वाचणाऱ्याला शिकायला मिळतं.

यातलं मोल कळायला एक जुनी दुर्घटना पुरे. कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त दिवाणखान्यात एकावर एक असे दोन पादचारी पूल छतापासून सळ्यांनी टांगलेले होते. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब सळई छतापासून वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचत होती. वरच्या तुळईखालच्या नटवर फक्त वरच्या पुलाचा भार यायचा होता. खालच्याचा भार सळई परस्पर छताकडे नेत होती. पण एवढ्या लांब सळईला आटे पाडणं आणि नट चढवणं गैरसोयीचं. म्हणून एकाच्या दोन सळ्या झाल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

बदल किरकोळ वाटतो. दोरीला दोघं लोंबकळत आहेत असं समजा. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा भार तेवढाच राहतो, पण वरच्याच्या हातांवर दुप्पट येतो. वरच्या तुळईखालच्या नटचं तेच झालं. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. चौकशीत असंही निघालं की मूळ जोडही नियमांप्रमाणे हवा तेवढा सक्षम नव्हता. तो चौकशी अहवाल आज कुणालाही फुकट वाचता येतो आणि प्रत्येक साइट इंजिनिअरने तो एकदा वाचावा असं मला वाटतं. 'शॉप ड्रॉइंगमधला (सुटे भाग बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगमधला) छोटासा बदल' हे शब्द त्यानंतर सहज तोंडून निघत नाहीत.

मी इंजिनिअर नाही, साइट सुपरवायझर आहे. मी काय लिहिणार?

तुम्हीच लिहायला हवं. पुस्तकात १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) लिहिलेलं असतं. ओली वाळू फुगते हेही पुस्तकात असतं. पण फरम्याने (मापाच्या पेटीने) मोजताना कुणी ते लक्षात घेत नाही आणि वाळू २०–३० टक्के कमी पडते, हे मिक्सरपाशी उभ्या माणसालाच दिसतं. गिलाव्याआधी काँक्रीटच्या पृष्ठभागाला टाचे (गिलावा धरावा म्हणून पाडलेल्या खाचा) नीट मारले नाहीत तर गिलावा कुठल्या कोपऱ्यातून आधी सुटतो, शटरिंगच्या कुठल्या सांध्यातून स्लरी (सिमेंटचं पाणी) गळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी राहते, कव्हर ब्लॉक सरकतात ते नेमके कधी, या गोष्टी कुठल्याही प्राध्यापकापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहेत.

लिहिताना मोठा लेख लिहायला बसू नका. एकच प्रसंग घ्या. काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं, काय केलं, आणि सहा महिन्यांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा काय स्थिती होती. शेवटचं वाक्य सगळे विसरतात. दुरुस्ती केल्याच्या दिवशी प्रत्येक दुरुस्ती यशस्वीच असते.

आणि फोटो. फोटोत मोजपट्टी ठेवा. भेगेचा फोटो नुसता असला तर ती केसाएवढी आहे की बोट जाईल एवढी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शेजारी नाणं ठेवलं तरी चालेल.

कंपनीची, मालकाची माहिती बाहेर जाण्याची भीती वाटते.

भीती योग्य आहे. करारात गोपनीयतेचं कलम असेल तर आधी विचारा. नसलं तरी प्रकल्पाचं नाव, पत्ता, मालक, दर, कामगारांचे चेहरे काढून टाका. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात, तेही पुसा. बँकेची तिजोरी, तुरुंग, विजेची उपकेंद्रं अशा इमारतींच्या आतल्या रचनेबद्दल काहीच टाकू नका. एवढी काळजी घेतली की शिकण्यासारखं जे असतं ते बहुतेक वेळा शिल्लक राहतंच; भेग का पडली हे सांगायला इमारतीचं नाव लागत नाही.

मोफत म्हणजे कॉपी करायला मोकळं का?

वाचायला मोफत आणि वापरायला मोफत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाच्या तळाशी परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत नाव देऊन कुठेही वापरता येतं, काहींत धंद्यासाठी वापरायला मनाई असते. काहींत तुम्ही केलेला बदलही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क राखीव समजा. कुणाचं ड्रॉइंग उचलून आपला टायटल ब्लॉक (नावाची चौकट) लावणं तर परवान्याच्याही पलीकडचं. त्यात आधी अक्कल गहाण पडते, कारण ते ड्रॉइंग दुसऱ्या जमिनीसाठी केलेलं असतं.

इंग्रजी वाचायला जड जातं. मराठीत काही करता येईल?

वाचायचं असेल तर चित्रं असलेले मंच आधी धरा. सळ्यांचा जोड कुठल्याही भाषेत तसाच दिसतो. लिहायचं असेल तर कृपा करून शब्दकोशातली मराठी आणू नका. शटरिंग, सेंटरिंग, कव्हर, स्लम्प हे शब्द सगळ्यांना कळतात. आणि ओळंबा, गुण्या, थापी, जोतं, कोबा, दरजा भरणं हे आपले शब्द तर सोन्यासारखे आहेत. गवंड्याला वाचता आलं पाहिजे, ही एकच कसोटी. गवंड्याला न कळणारं 'पाडकाम-पूर्व संरचनात्मक अन्वेषण' हवंय कुणाला?

डाउनलोड केलेली एक्सेल शीट किंवा कॅल्क्युलेटर डिझाइनला वापरावा का?

आधी एक उत्तर स्वतः काढा. एक तुळई घ्या, दोन टोकांना साधा आधार, लांबी ६ मीटर, दर मीटरला २० किलोन्यूटन भार: मधला बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा जोर) भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे ९० किलोन्यूटन-मीटर. शीट ९० दाखवत नसेल तर ती बंद करा. दाखवत असेल तर कुठल्या कोडचे गुणक आत घातलेत ते बघा. कुलूप लावलेल्या शीटवर, ज्यात सूत्रं दिसतच नाहीत, माझा विश्वास नाही. एआयला विचारलेल्या उत्तरांचंही हेच; ती कलमांचे क्रमांक अशा थाटात सांगतात की खोटे वाटतच नाहीत, म्हणून कलम उघडून बघणं इथे दुपटीने गरजेचं.

मॉडेल आणि फाइल कुठल्या स्वरूपात वाटाव्यात?

शक्य तिथे आयएफसी. ते बिल्डिंगस्मार्ट या संस्थेचं खुलं स्वरूप आहे, २०१३ मध्ये आयएसओ १६७३९ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि ते उघडायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फ्रीकॅडसारखं मोफत साधनही चालतं.

मोफत माहिती वापरून काम बिघडलं तर जबाबदार कोण?

ज्याची सही ड्रॉइंगवर आहे तो. प्रत्येक मंचाच्या तळाशी जबाबदारी नाकारणारा मजकूर असतो आणि तो तिथे उगाच नसतो.

सापडलेलं पान दोन वर्षांनी गायब झालं तर?

होतं असं. घरांची खुली डिझाइन वाटण्यासाठी २००७ मध्ये 'ओपन आर्किटेक्चर नेटवर्क' मोठ्या थाटात सुरू झालं, आणि ते चालवणारी 'आर्किटेक्चर फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था २०१५ मध्ये बंद पडली. म्हणून कामाचं पान सापडलं की लगेच पीडीएफ करून ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि पत्ता घाला. ज्या निर्णयासाठी ते वापरलं त्या कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा, 'उपयोगी लेख' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये नको; तिथे टाकलेलं परत कुणी उघडत नाही. गेलेलं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या पत्त्यावरून शोधता येतं, बहुतेकदा मजकूर मिळतो, जोडलेली ड्रॉइंग मात्र बऱ्याचदा नसतात.